तीन डबे आन एकच डोकं

मामा, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नये म्हणतेत. मामी तर म्हणती, भांडायला समोरचा जिता लागतो, न्हाईतर ते भांडण न्हाई, नुसती बडबड. मंग बडबड समजा. तुमाला जाऊन महिना झाला, आन ह्या महिन्यात तुमच्याबद्दल जे चांगलं बोलायचं ते सगळं गावानं बोलून घेतलंय. शोकसभेत तिघांनी तुमाला वटवृक्ष केलं आन एकानं दीपस्तंभ. राजुरात दीपस्तंभ. समुद्र इथून कोणत्या बाजूला हाये, हे त्याला कोणी इचारलं न्हाई. चांगलं सगळं संपलं, मामा. माझ्या वाट्याला उरलं ते हे.

आपला धंदा ज्याला समजत न्हाई त्याला मी टपरीवर सांगतो की आम्ही भेंडीचं लगीन लावतो. दोन जातीच्या भेंड्या घ्यायच्या. एक नर म्हणून लावायची, एक मादी म्हणून. सांजच्याला बाया मादीच्या कळ्या सोलून आतला नराचा भाग काढून टाकतेत, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्याच्यावर टेकवतेत. त्या भेंडीत जे बी भरतं ते आपलं हायब्रीड. ते पाकिटात जातं, दुकानात जातं, शेतकरी नाव घेऊन मागतो. पण ज्या दोन मूळ जाती, त्या पाकिटात जात न्हाईत. त्या मालकाकडंच राहतेत. त्या म्हंजेच कंपनी. बाकी गोडाऊन, टेम्पो, बोर्ड, आन मी, जो तुमचा मॅनेजर म्हणून टेम्पो चालवतो, ती सगळी सजावट.

आन भेंडीचं बी दिसायला सगळं सारखं. नर बी गोल, मादी बी गोल, दोन्ही काळपट हिरवे. पोत्यावर नाव न्हाई लिहिलं तर चष्मा लावून बी कळणार न्हाई. आन तुम्ही नाव लिहायचेच न्हाई. सगळा तालुका पोत्यावर नाव लिहितो, आपल्या गोडाऊनात पोती बिनबारशाची. कोणतं काय, ते एकाच ठिकाणी लिहिलेलं व्हतं. तुमच्या डोक्यात. ते डोकं आता न्हाई.

कारण मला ठाऊक हाये. तुम्ही मला ते इतक्या वेळा सांगितलं की मी तुमच्या आवाजात, तुमच्या खोकल्यासकट सांगू शकतो. मी शाळेत बी जात नव्हतो तव्हा तुमच्याकडं एक माणूस कामाला व्हता, तुमचा उजवा हात. तव्हा तुम्ही पोत्यावर नावं लिहायचे, झकास अक्षरात. त्या माणसानं रोज जेवणाच्या डब्यात भाकरीखाली मूठमूठ बी नेलं, आन दोन वर्सांनी आपल्या भेंडीच्या जुळ्या भावाचं पाकीट बाजारात आलं. तुम्ही सांगताना थांबायचे, तंबाखू सरकवायचे आन म्हणायचे, "माझंच अक्षर वाचून चोरी केली त्यानं." त्या दिवसापासून तुम्ही लिहिणं सोडलं. किराण्याची चिठ्ठी बी मामीला लिहायला लावायचे.

मला तव्हा तुमची दया यायची. आता न्हाई येत. तुम्ही सगळा बंदोबस्त चोरासाठी केला, मामा. कुलपं तीन, किल्ल्या कमरेला, कुत्रं दारात, कॅमेरा गेटवर. चोर एकदाच आल्ता, ते बी वीस-बावीस वर्सांमागं. मरण तर येणारच व्हतं, त्याचा पत्ता पक्का व्हता, आन त्याच्यासाठी तुम्ही एक ओळ लिहिली न्हाई.

आठवतंय ना, तुम्ही मला जालन्याला मीटिंगला पाठवलं व्हतं. तुमाला तिथलं जेवण तिखट लागतं म्हणून तुम्ही न्हाई गेले. तिथं एक टायवाला साहेब आल्ता, पुण्याकडचा. पडद्यावर चित्रं दाखवून सांगत व्हता की प्रत्येक धंद्यानं आधीच ठरवून ठेवावं, आग लागली तर काय, पाणी घुसलं तर काय, कॉम्प्युटर बसला तर काय, आन मेन माणूस न्हाई राह्यला तर काय. मागं बसलेले सगळे मालक लोक मोबाइल पाहत व्हते. एक तर घोरला. मी बी हसत व्हतो, कारण तो साहेब दर वाक्याला "बरोबर?" म्हणायचा आन स्वतःच मान हलवायचा.

परत आल्यावर मी ओट्यावर तुमाला त्या साहेबाची नक्कल करून दाखवली. रुमालाचा टाय केला. आग लागली तर काय, बरोबर? पाणी घुसलं तर काय, बरोबर? तुम्ही पोट धरून हसले. मामी बी पदर तोंडाला लावून हसली. मंग मी त्याच सुरात म्हणलो, मालक न्हाई राह्यले तर काय, बरोबर? तुमचं हसणं तिथंच बंद झालं.

"मी न्हाई म्हंजे? कुठं जाणार हाये मी?"

मी म्हणलो, मामा, त्या साहेबाचं म्हणणं हाये.

"साहेबाचं म्हणणं साहेबाच्या घरी. तू उठ. चूळ भर."

आन मला खरंच चूळ भरायला लावली. सव्वीस वर्सांचा घोडा, मी नळावर उभा राहून चूळ भरली, कारण मी तिन्हीसांजेला अभद्र बोललो व्हतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पायी गणपतीला गेले आन नारळ फोडून आले. झाला तुमचा प्लॅन. गणपतीनं तरी किती लोकांचं ध्यानात ठेवायचं, मामा? त्याच्याकडं बी रोज रांग असती. तुमच्या पोत्यात नर कोणता, हे तुम्ही त्याला तरी सांगितलं व्हतं का? मला न्हाई वाटत. पुजारी ऐकल म्हणून त्याला बी न्हाई सांगितलं असेल.

दसऱ्याला तुम्ही कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आन पुढं नारळ ठेवला. मी म्हणलो, पूजा बराबर हाये, पण ह्याच्यातलं सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये घेऊन मी घरी ठेवतो. तुम्ही माझ्याकडं असं पाह्यलं जसं मी भाकरीचा डबा घेऊन निघालोय. संक्रांतीच्या आसपास तो कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाल्यानं उघडला तर आत कुंकवाचा थर. चार वर्सांचे शेतकऱ्यांचे नंबर, प्लॉटचे नकाशे, सगळं सौभाग्यवती होऊन गेलं. तुम्ही म्हणले, "बरं झालं, म्हणूनच मूळ बियाचं मी त्याच्यात काही टाकू दिलं न्हाई." म्हंजे घर जळालं तर तुम्ही खूश, की बरं झालं मी आत नव्हतो.

मंग चैतात ती एसीची खोली. मूळ बी थंड ठेवावं लागतं, म्हणून गोडाऊनच्या मागच्या खोलीत एसी. वायर जळाली, धूर झाला, मशीन गेली. नशीब, दुपारची वेळ व्हती आन पंचफुला मावशीला वास आला. पंचफुला मावशी म्हंजे आपल्या तीस बायांची म्होरकी, कळी सोलण्यात तिचा हात कोणी धरत न्हाई. तिनं बोंब मारली, मी मेन बंद केला. तव्हा मी तुमाला अक्षरशः हात जोडले व्हते. म्हणलो, मामा, आज वाचलं. आता तरी अर्धं बी इथं ठेवा, अर्धं दुसरीकडं. तुम्ही काय म्हणले?

"दोन जागी ठेवलं की दोन चोर."

मला राग यायला पाहिजे व्हता. मी काय केलं, मी ते वाक्य पाठ केलं आन संध्याकाळी टपरीवर तुमच्या आवाजात करून दाखवलं. लई हसले लोक.

त्या दिवशी तुम्ही आपल्या सगळ्यात चालणाऱ्या भेंडीचं मूळ बी गोडाऊनातून हलवलं. तीन स्टीलचे डबे. एकात नर, एकात मादी, आन तिसऱ्यात कोणती तरी नवी जात, जिच्यावर तुम्ही दोन वर्सांपासून काम करून राह्यले व्हते. तिन्ही डबे एका दुकानातले, एका मापाचे, भांड्याच्या दुकानवाल्यानं घातलेलं नाव बी एकच, तुमचं. ते घरी जवारीच्या कोठीत खुपसून ठेवले. मी कोठीचं झाकण धरून उभा व्हतो. तुम्ही मला म्हणले, तिकडं पाहा. मी भिंतीकडं तोंड केलं. शिक्षा झालेल्या पोरासारखं. मामा, मी तुमच्या सख्ख्या बहिणीचं लेकरू हाये.

आन जालन्याचा दवाखाना. तुम्ही दोन दिवस शुद्धीत व्हते. दोन दिवस. तीन डबे, तीन शब्द लागत व्हते. नर, मादी, नवी. ह्याच्याहून जास्त तर तुम्ही त्या नर्सताईला चहात साखर कमी हाये म्हणून बोलले.

पहिल्या दिवशी मला इचारायची लाज वाटली. माणूस खाटेवर पडलाय आन ह्याला डब्याचं पडलंय, असं मामीला वाटल म्हणून मी गप बसलो, तुमचे पाय चेपले. दुसऱ्या दिवशी मामी भांडी धुवायला बाहेर गेल्ती, तव्हा मी इचारलं. तुम्ही बोटानं जवळ बोलावलं. मी कान तुमच्या तोंडाशी नेला. आन तुम्ही डोळे फिरवून शेजारच्या खाटेकडं पाह्यलं. त्या खाटेवर भोकरदनकडचा एक म्हातारा व्हता. तोंडात नळी, आल्यापासून बेशुद्ध. लेक कानाशी बसून बाबा, बाबा करायची तर पापणी बी हलत नव्हती.

"त्यो ऐकून राह्यलाय," तुम्ही म्हणले. "नंतर."

हे तुमचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. लोकांचे बाप, मामे जाताना सांभाळून राहा म्हणतेत, आईला पाहा म्हणतेत. मला नंतर भेटलं. ते नंतर काही आलं न्हाई. संध्याकाळी तुम्ही गेले.

तो म्हातारा बरा झाला, मामा. घरी गेला. मी मागल्या हप्त्यात मुद्दाम त्याला पाहून आलो. बाजेवर बसून चहा पीत व्हता. मी सगळं सांगितलं, की तुम्ही ऐकाल म्हणून आमचा मामा गप राह्यला. त्यानं बशी खाली ठेवली आन म्हणला, "मी? मला तर घरचे बी काही सांगत न्हाईत." लई वेळ तो मान हलवत बसला. मी निघालो तव्हा मला म्हणला, माझ्यामुळं झालं का हे. मी म्हणलो, न्हाई बाबा, तुमच्यामुळं न्हाई.

मंग बसायला येणाऱ्यांची रांग. धंद्यातले सगळे आले. पांढऱ्या बुटाचा तो शेठ, ज्याला तुम्ही बगळा म्हणायचे, तो तर तिसऱ्याच दिवशी हजर. सतरंजीवर बसला, डोळे मिटले, एक मोठा सुस्कारा सोडला. मोठा माणूस गेला म्हणला. मंग एक डोळा उघडून हळूच, मूळ बी बराबर हाये ना? त्याच्यामागून आलेल्यानं बी तेच. सुस्कारा, मोठा माणूस, मूळ बी. जसं काही तिघं-चौघं एकाच मास्तरकडं शिकून आल्ते.

मी बगळ्याला इचारलं, शेठ, तुमच्याकडं हे सगळं कुठं लिहिलेलं असतं? त्यानं दोन बोटं कपाळाला लावली आन हसला. "इथं. इथून कोण नेतंय?"

मी त्याच्या कपाळाकडं पाहतच राह्यलो. ह्या "इथं"च्या जोरावर किती कंपन्या उभ्या हायेत, मामा. पत्र्याचं शेड, काचेचं केबिन, चार चार टेम्पो, शंभर माणसांची चूल, आन खाली पाया म्हणून एका माणसाची टाळू. त्या माणसाला साखर हाये, बीपी हाये, आन तो मोटारसायकलवर हेल्मेट घालत न्हाई कारण केस बिघडतेत. हुशारी म्हणतेत त्याला. मला तर वाटतं हा एक प्रकारचा गर्व हाये. मी गेलो की सगळं बंद पडलं पाहिजे, तरच मी मोठा. दुकान चालू राह्यलं तर लोक म्हणतील, ह्याच्यावाचून बी चालतंय की. ते तुमाला सोसलं नसतं. खरं सांगा.

तुमच्या दहाव्यानंतर पेरणीचे दिवस डोक्यावर आले. नराचं बी आठ दिवस आधी पेरायचं, मंग मादीचं, म्हंजे फुलं एका टायमाला येतेत. आपल्यासाठी रानात हायब्रीड बी पिकवून देणारे प्लॉटवाले शेतकरी फोन करून राह्यले. गोडाऊनात दुसऱ्या दोन भेंड्यांची चार पोती, दोन मांडण्यांवर, प्रत्येकीच्या वरच्या फळीवर एक, खालच्या फळीवर एक. कोणतं काय, कोणालाच माहीत न्हाई. मी, मामी आन पंचफुला मावशी त्या पोत्यांकडं असं पाहत उभे व्हतो जसं अनोळखी पाव्हणे जेवायला बसलेत आन नाव कसं इचारावं कळंना.

मावशी मला म्हणली, "तू मालकाची चाल करून दाखवतो ना. कर."

मी म्हणलो, मावशी, आता काय ही टाइम हाये का. माझी खरंच हिंमत नव्हती. दारात मामी उभी, कपाळ मोकळं. पण मावशी म्हणली, हसायला न्हाई सांगत, बघायला सांगते.

मंग मी केलं. कमरेवर किल्ल्यांचा हात, डावा गुडघा ताठ. डावा, कारण एकदा मी पाव्हण्यांपुढं तुमची नक्कल करताना उजवा ताठ केल्ता, तर तुम्हीच आतून वरडले व्हते, गुडघा डावा हाये भाचेबुवा, बघून करत जा. तर डावा. दारातून आत, खाकरून, लाइटच्या बटणाला मागच्या हातानं चापट. पहिल्या मांडणीपाशी थांबायचं, मागं कोणी हाये का पाहायचं. मंग वरच्या पोत्याची गाठ सोडायची, उभ्या उभ्या. पोतं खांद्याला लावून बाहेर. हा झाला एक दिवस. दुसऱ्या खेपेला माझं अंग आपोआप खाली वाकलं. एक गुडघा जमिनीला टेकला, आन तोंडातून तुमचं ते "आई गंऽ" निघालं. मी असं ठरवलं नव्हतं, मामा. पाच वर्सं पाहून अंगात बसलेलं.

मामी दारातच बसली. मावशी मात्र टाळी वाजवल्यासारखी म्हणली, बराबर. नराचं बी न्यायला यायचो तव्हा मालकाचं धोतर साफ असायचं. आठ दिवसांनी मादीचं न्यायला यायचो, तव्हा गुडघ्याला धूळ असायची. दरसाल. म्हंजे वर नर, खाली मादी, आन एका मांडणीवर एकच भेंडी. मी दुसऱ्या मांडणीवर बी तसंच करून पाह्यलं. जुळलं. दोन भेंड्या वाचल्या.

ऐकून राह्यले ना? कंपनी वाचली ती तुमच्या धोतरावरच्या धुळीनं आन माझ्या टवाळकीनं. ज्या धंद्यात शेकडो शेतकऱ्यांचा हंगाम गुंतलाय, त्याचा हिसाब एका बाईनं तुमचा गुडघा पाहून लावला. ह्याची लाज वाटली पाहिजे. तुमाला तर वाटणार न्हाई, म्हणून मला वाटून राह्यली.

पण डबे? घरात तुम्ही एकदाच ते ठेवले, आन मला भिंत पाहायला लावली. भिंतीची नक्कल करून काय सापडणार. तीन डबे, त्यातले दोन बराबर निवडायचे, आन त्यातला नर कोणता तेबी ठरवायचं. सहा प्रकारे जोडी लावता येती, त्यातल्या पाच प्रकारे चुकतं आन एका प्रकारे जमतं. बी तर तिसऱ्या वर्सापर्यंत म्हातारं होतं, उगवत न्हाई. आन ह्याच भेंडीवर आपलं नाव.

प्लॉटवाले ओसरीवर जमले. एकजण म्हणला, टाका कोणतेबी दोन, भेंडी ती भेंडीच. बगळ्यानं तर निरोप धाडला, दुसरीकडचं बी तुमच्या पाकिटात भरून देतो, नाव चालू राहील. मला खरं सांगतो, मामा, क्षणभर मला बी ते पटलं. नाव तर टिकल. मी मामीकडं पाह्यलं. जिला तुम्ही चाळीस वर्सांत गोडाऊनाच्या आत पाय ठेवू दिला न्हाई, जिला किराण्याच्या चिठ्ठीपुरतं अक्षर दिलं, ती पदर सावरून पुढं आली.

"कोणता डबा कोणता, हे मला माहीत न्हाई," ती म्हणली. "माहीत न्हाई ते मी पेरू देणार न्हाई. पुढल्या सालाला या."

एवढंच. आवाज बी चढवला न्हाई. लोक उठून गेले. काहींनी सोयाबीन पेरलं, काही बगळ्याकडं गेले. पुढल्या सालाला किती येतील, सांगता येत न्हाई.

त्या भेंडीच्या प्लॉटवर पंचफुला मावशीच्या तीस बाया चार महिने असायच्या. मावशी गेटपर्यंत माझ्यासंगं आली. चप्पल घालता घालता म्हणली, "मालक एकटे न्हाई गेले, भाऊ. आमचं काम बी सरणावर घेऊन गेले." मंग जय भीम घालून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून बाया दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. मिळालं तर काम, न्हाईतर घरी. तुमच्या शोकसभेत ह्यातली एकबी बोलली न्हाई. त्यांना बोलवलं असतं तर वटवृक्ष कोणी म्हणलं नसतं.

आता मी काय केलंय ते सांगतो, तुमाला चीड येईल म्हणूनच सांगतो. प्रत्येक पोत्यावर ऑइलपेंटनं लिहिलं, नर, मादी, जात, साल. माझ्या घाणेरड्या अक्षरात. मामीनं शंभर पानी वही केली, त्यात ती सगळं उतरवते. तिचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं हाये, तुमाला माहीत व्हतं का? तशीच दुसरी एक वही अंबडला तिच्या बहिणीकडं, फोटो माझ्या मोबाइलमध्ये आन पंचफुला मावशीच्या पोरीच्या मोबाइलमध्ये. अर्धं मूळ बी दुसऱ्या घरी. कोणाच्या, ते कागदावर लिहिलंय आन तिघांना माहीत हाये. दोन जागी ठेवलं की दोन चोर, असं ना? येऊ द्या दोन. चोरानं नेलेलं निदान दुसऱ्याच्या रानात उगवतं, जाऊन पाहता येतं. तुम्ही नेलेलं कुठं जाऊन पाहू?

मी सगळा दोष तुमच्यावर टाकून मोकळा होत न्हाई. पाच वर्सं मी तुमच्या मागं मागं फिरलो. तुमचं खाकरणं, तुमचं थुंकणं, तुमचा गुडघा पाठ केला, आन एकदा बी चोरून का होईना, पोत्यावर खडूची एक रेघ मारली न्हाई. भीती वाटायची. तुमची न्हाई. तुम्ही मला त्या भाकरीच्या डब्यातून बी नेणाऱ्या चोराच्या रांगेत बसवाल, ह्याची. कॉलेजातून हाकललं तव्हा बापानं दार लावल्तं, आन तुम्ही टेम्पोची किल्ली फेकून म्हणले व्हते, गाडी येत नसल तर शिकून घे. तो भरवसा मोडायचा न्हाई म्हणून मी गप राह्यलो. हसवत राह्यलो. तुमच्याच तोंडावर तुमची नक्कल केलेली चालणारा मालक सगळ्या जिल्ह्यात दुसरा न्हाई, हे बी खरं. तेवढं शोकसभेत मी बोलणार व्हतो, माझा नंबरच लागला न्हाई.

तुमचे तीन डबे आम्ही उघडले. घरामागच्या परसात तीन ओळी लावल्या, एका डब्याची एक. फुलं येईपर्यंत थांबायचं, मंग प्रत्येकीचं फूल, भेंडी, दाणा पाहून ओळखायचं, आन पुढल्या सालासाठी बी वाढवायचं. एका शब्दाचं काम अख्ख्या हंगामाला पडलं. पंचफुला मावशी दर दोन दिवसांनी येते, खुरपं घेऊन, न बोलावता. काल तिनं दुसऱ्या ओळीचं पान उलटं करून लई वेळ पाह्यलं. पहिलीपेक्षा जास्त कातरलेलं हाये, देठाला जराशी लाली. मला वाटतं ही मादी, म्हणली, पण फुलाबिगर मी जबान देणार न्हाई. मामीनं वहीत लिहिलं, मावशीला वाटतं मादी, नक्की न्हाई.

मी बी पाह्यलं. मला तिन्ही ओळी सारख्याच दिसल्या. तुम्ही असते तर आडव्या बांधावरूनच, एका नजरेत ओळखलं असतं. आन मी इचारलं असतं तर इकडं तिकडं पाहून म्हणले असते, नंतर.